हप्ते भरतंय कोण?

"बाई, माझे हप्ते कुनीतरी भरून राहिलंय," शंकरसिंग म्हणाला. सांगताना चेहरा असा, की जणू घरात चोरी झाली.

निर्मलाबाईंनी चष्मा वर सरकवला. "मग पेढे वाटायचे सोडून माझ्याकडं काहून आलात?"

कळमनुरीत त्यांच्या ओसरीवर ‘खासगी तपास’ अशी पाटी होती. त्यांचे यजमान विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासत. ते गेल्यावर बाईंनी ते काम हाती घेतलं, आणि बाईंना गाड्यांइतकीच माणसंही कळतात हे कंपन्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वकील रामप्रसाद बसत. कायदा त्यांना तोंडपाठ होता. माणसं मात्र उशिरा समजत.

शंकरसिंग रामप्रसादांचाच पक्षकार. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा गडी. त्याची बायको रूपाबाई दाराशी टेकून बसली होती. आल्यापासून तिनं मान वर केली नव्हती.

रामप्रसादांनी फाइल उघडली. "गेल्या दसऱ्याला, म्हणजे पाच ऑक्टोबर दोन हजार तीनला, यांनी कुरुंद्याच्या व्यंकटरावांकडून जुनी जीप घेतली. बाळापूर ते कळमनुरी पाशिंजर मारायला. व्यंकटराव हळदीचे आडते, शिवाय जुन्या गाड्या घेऊन विकतात. पैसे पतसंस्थेचे. जामीनदार रूपाबाईंचा भाऊ संतोष, आश्रमशाळेत शिक्षक आहे. वीस डिसेंबरला भर रस्त्यात इंजिन गेलं. जानेवारीत आपण ग्राहक मंचात तक्रार टाकली."

"आणि हप्ते?"

"नोव्हेंबर, डिसेंबरचे मी भरले," शंकरसिंग म्हणाला. "मंग थांबवले."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

शंकरसिंगनं हळूच वकिलांकडं पाहिलं. "सायेबच म्हनले व्हते, चहाच्या टपरीवर. गाडीच खोटी, तर हप्ता कशाचा?"

रामप्रसादांचे कान लाल झाले. "ते मी आपलं रागाच्या भरात बोललो हो. तो काही सल्ला नव्हता."

"वकिलानं टपरीवर तोंड आवरावं," बाई म्हणाल्या. "आता खरा कायदा सांगा त्यांना."

"गाडीचा सौदा वेगळा, कर्जाचा करार वेगळा," रामप्रसाद खाली बघत म्हणाले. "गाडी सदोष निघाली तर विकणाऱ्याला धरायचं, भरपाई मागायची. पतसंस्थेनं पैसे दिले ते दिलेच. हप्ता थांबला की ती गाडी ओढून नेते, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जामीनदाराच्या पगाराला हात घालते. माझ्या जिभेनं यांना खड्ड्यात घातलं, बाई. मला रोज खातंय ते."

पण पतसंस्थेनं गाडी ओढून नेली नव्हती. शंकरसिंग मुदत मागायला गेला, तेव्हा कळलं की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिन्ही हप्ते भरलेले आहेत. कोणी भरले ते माहीत नाही. आणि हीच गोष्ट व्यंकटरावांच्या वकिलानं उचलली होती. हप्ते वेळेवर जातात म्हणजे जीप चालते आहे, कमावते आहे, तक्रार खोटी आहे, असं त्यानं लिहून दिलं होतं.

"त्यात मंचानं नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल," रामप्रसाद म्हणाले. "इंजिनाचं हेड तडकलंय आणि रेडिएटरमध्ये हळद अन् फुगलेला तांदूळ सापडलाय. व्यंकटरावांचा वकील म्हणतो, हे घेणाऱ्यानंच घातलं. सोमवारी तारीख आहे. पैसे कुणाचे, असं विचारलं तर यांच्याकडं उत्तर नाही. ज्याला स्वतःच्या खात्यातला पैसा कुणाचा ते सांगता येत नाही, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"केस हरलो तं संतोषचा पगार कापतेन," शंकरसिंग म्हणाला. "बायकोच्या भावाला तोंड कसं दाखवू?"

निर्मलाबाईंनी विचारलं, "गाडी घेताना कुणाला दाखवली होती?"

"चाँद पाशाला. बाळापूरचा मिस्त्री. वीस वर्षांचा दोस्त हाय माझा. त्यो म्हनला घे, मी घेतली. सोन्यासारखा मानूस, बाई. आधी मजुरी घ्यायचा, पर ही गाडी घेतल्यापासून माझ्याकडून रुपया घेतला न्हाई."

"आणि गाडी तापायची का?"

"कवाच न्हाई. हीटचा काटा बराबर मधोमध. सकाळी किल्ली फिरवली की मधोमध, रातच्याला घरी आलो तरी मधोमध."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यात लिहिण्यासारखं काय होतं, ते रामप्रसादांना कळलं नाही.

पतसंस्थेत शिला नावाची तरुण कारकून होती. तिनं खातं काढलं.

"हप्ता म्हणून एकदम नाही भरलेत. थोडे थोडे येतात, दर आठवड्याला. चारशे, कधी साडेचारशे. ते आगाऊ जमा करतो आम्ही, तारखेला हप्ता आला नाही की त्यातून वळते करतो."

"आणतं कोण?"

"दर वेळेला वेगळा माणूस. कधी टेम्पोवाला, कधी ट्रकचा क्लीनर, एकदा एस.टी.चा कंडक्टर आला होता. शंकरसिंगच्या नावाची चिठ्ठी आणि पैसे ठेवतात, निघून जातात. विचारलं तर म्हणतात, बाळापूरला कोणीतरी हातात दिले."

"तारखा वाचा."

"नऊ ऑक्टोबर, चारशे. सोळा ऑक्टोबर, चारशे. तेवीस..." शिला वाचत गेली. रामप्रसाद मुकाट उतरवून घेत होते. पान भरलं तेव्हा ते म्हणाले, "बेरीज बरोबर जुळते."

"बेरीज जुळणारच," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचा, सावकाश."

रामप्रसादांनी वाचलं. त्यांना त्यात काही दिसलं नाही.

संतोष शाळेच्या व्हरांड्यात भेटला. बाईंनी सरळ विचारलं, "हप्ते तुम्ही भरता?"

"मी?" त्याचा चेहरा उतरला. "मी भरले असते तर आज ताठ मानेनं बोललो असतो. बाई, मी उलटं केलं. इंजिन गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पतसंस्थेला अर्ज दिला, माझं जामीनदार म्हणून नाव काढा. त्यांनी काढलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण मी दिला. बहिणीला हे माहीत नाही. गाडी घ्या, गाडी घ्या म्हणून मागं लागलो होतो मीच."

रूपाबाईला बाईंनी तांड्यावर एकटीला गाठलं. रामप्रसादांना त्यांनी दूर लिंबाखाली उभं केलं.

"काल तुमी मान वर केली नाही. हळद-तांदळाचं तुमाला माहीत हाय, व्हय ना?"

रूपाबाईनं पदर तोंडाशी धरला. मग बांध फुटल्यासारखी बोलू लागली.

"दसऱ्याला गाडीची पूजा केली. कलश मांडला. पूजेचं पानी, त्यातल्या हळदीच्या अक्षता, ते कुटं टाकावं? पायदळी येऊ न्हाई ना. ह्यांनी गाडीत पानी घालायला झाकन उघडलं व्हतं. मला वाटलं, देवाचं पानी गाडीच्या पोटात गेलं तर बरंच. ह्यांची पाठ व्हती, मी ओतलं. मूठभर अक्षता गेल्या त्यात. मंग तो कागद आला, रेडेटरमधी हळद अन् तांदूळ. त्या दिवसापासून मला अन्न ग्वाड लागत न्हाई. मीच मारली बाई गाडी. ह्यांना कसं सांगू?"

"सोमवारच्या आधी मीच सांगते," बाई म्हणाल्या. "आणि तुमाला वाटतं त्यापेक्षा ते पुष्कळ हलकं आहे. तोवर जेवा."

कुरुंद्यात व्यंकटराव आडतीवर हळदीच्या पोत्यांमध्ये बसले होते. अपराधी दिसत नसलेला हा पहिलाच माणूस.

"जुनी गाडी म्हंजे जुनी गाडी," ते म्हणाले. "मी काय नवी म्हणून विकली न्हाई. त्यांनी मिस्त्री आनला, दाखवली, घेतली. मंग रेडिएटरमधी भात शिजवला! त्याला मी काय करू?"

"गाडीत काही दोष होता, तो सांगितला होता का?"

"दोष असंल तर सांगू ना. माझ्याकडं व्हती तोवर काटा मधोमध. वर कवा गेलाच न्हाई."

"तुमच्या गाड्यांचं काम कोण करतं?"

"तीन टेम्पो हाईत माझे. चाँद पाशाच करतो. हात चांगला हाय त्याचा."

बाहेर आल्यावर रामप्रसाद कुजबुजले, "हाच. हळद याच्याच घरची. यानंच घातली असणार."

"हळद रूपाबाईनं घातली, वकीलसाहेब. इथं हळद प्रत्येकाच्याच घरची आहे." आणि त्यांनी रामप्रसादांना कलशाची हकिकत सांगितली.

"मग तर आपण मेलो!" रामप्रसाद मटकन कट्ट्यावर बसले.

चाँद पाशाचं गॅरेज बाळापुरात ऐन रस्त्यावर होतं. येणारेजाणारे ट्रक, टेम्पो हवा भरायला, पाणी प्यायला तिथं थांबतच. पाशा पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा. एका ट्रॅक्टरच्या दिव्याची वायर तो जोडत होता. जोडावर त्यानं टेपऐवजी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी गुंडाळली, दोरा बांधला आणि वरून मेण ओघळवलं.

"टेप पावसात सुटतो," बाई बघतायत हे पाहून तो म्हणाला. "हे न्हाई सुटत. माझ्या उस्तादाची रीत. आता कुनी करत न्हाई असं, वेळ लागतो."

जीप मागच्या पत्र्याखाली ताडपत्रीनं झाकली होती. ताडपत्रीवर धूळ नव्हती. बॅटरीसुद्धा चार्ज करून ठेवलेली.

"बंद गाडीची एवढी निगा?" बाईंनी विचारलं.

"दोस्ताची अमानत हाय."

बाई चालकाच्या जागी बसल्या. किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, हीटचा काटा उठला आणि मधोमध येऊन थांबला.

"चला, काटा तरी शाबूत आहे," रामप्रसाद म्हणाले.

बाई वाकल्या, डॅशबोर्डखाली हातातल्या बॅटरीचा उजेड पाडून काही वेळ बघत राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. रामप्रसादांना वाटलं, बाईंना काही सापडलं नाही.

"उद्या दुपारी सगळ्यांना इथं बोलवा," त्या म्हणाल्या. "व्यंकटरावांनापण. तडजोडीचं बोलायचंय म्हणा, येतील."

तडजोडीच्या नावानं व्यंकटराव सर्वांच्या आधी आले आणि गॅरेजमधली एकमेव खुर्ची धरून बसले. शंकरसिंग, रूपाबाई आणि संतोष बाकावर. चाँद पाशा जीपला टेकून उभा. त्यानं सगळ्यांना चहा सांगितला होता.

"आधी हळद-तांदूळ," निर्मलाबाईंनी सुरुवात केली. "ते रूपाबाईच्या पूजेचे. कलशाचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून तिनं रेडिएटरमध्ये ओतलं."

शंकरसिंगनं चमकून बायकोकडं पाहिलं. व्यंकटराव हसले. "झालं तर मंग! कबूलच केलं."

"थांबा. मूठभर अक्षतांनी रेडिएटर थोडा तुंबतो, पाणी तापतं. मग काय होतं? काटा वर चढतो, चालक गाडी थांबवतो, मिस्त्री रेडिएटर धुऊन देतो. तासाभराचं काम. अक्षतांनी गाडी मरत नाही. गाडी मेली, कारण काटा चढलाच नाही."

त्यांनी जीपमध्ये हात घालून किल्ली अर्धी फिरवली. "बघा. तीन महिन्यांत हे इंजिन एकदाही चालू झालेलं नाही. थंडगार आहे. थंड इंजिनाचा काटा कुठं हवा, वकीलसाहेब?"

रामप्रसादांनी काट्याकडं पाहिलं. "तळाशी," ते हळूच म्हणाले. "आणि हा मधोमध."

"शंकरसिंगनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सकाळी मधोमध, रात्रीपण मधोमध. व्यंकटरावांनीपण हेच सांगितलं, अभिमानानं. चालत्या गाडीचा काटा हलतो. हा बांधून ठेवलेला आहे. डॅशबोर्डखाली काट्याची वायर तोडून मध्ये रेझिस्टन्सचा तुकडा जोडलाय, म्हणजे इंजिन पेटलं तरी काटा हलायचा नाही. गाडी तापते हे माहीत असल्याशिवाय असं कोणी करत नाही. आणि हे विक्रीच्या आधीचं आहे, कारण काटा व्यंकटरावांकडं असतानाच मधोमध होता. त्यांच्याच तोंडचं आहे."

व्यंकटरावांचं हसू मावळलं. "मला वायरीतलं काय कळतंय?"

"तुम्हाला नाही कळत. म्हणून दुसऱ्याकडून करून घेतलंत. आता हप्त्यांकडं येते." बाईंनी कागद काढला. "हप्ते भरणारा मनाला काही लागलेला माणूस आहे, एवढं तर उघड होतं. पण मी ज्याच्याकडं गेले त्याच्या मनाला काही ना काही लागलेलंच! वकीलसाहेबांना टपरीवरचं बोलणं, संतोषला त्याचा अर्ज, रूपाबाईला अक्षता. आता प्रत्येकाच्या अपराधाची तारीख बघा. वकीलसाहेब बोलले जानेवारीत. संतोषनं अर्ज दिला डिसेंबरात, इंजिन गेल्यावर. रूपाबाईला अक्षतांचं कळलं ते तज्ज्ञाचा अहवाल आल्यावर. आणि पहिले चारशे रुपये कधी आले?"

"नऊ ऑक्टोबर," रामप्रसाद म्हणाले, आणि तिथंच थबकले. "म्हणजे दसऱ्यानंतर चार दिवसांनी! तेव्हा तर गाडी धावत होती!"

"गाडी धावत होती, गळ्यात झेंडूचा हार होता, तांड्यावर पेढे वाटले जात होते. गाडी बिघडल्यावर सगळ्यांनाच वाईट वाटलं. पण धावत्या गाडीबद्दल वाईट वाटलं एकालाच. ही गाडी आज ना उद्या मरणार, हे ज्याला माहीत होतं त्यालाच. खाई त्याला खवखवे."

"व्यंकटराव?" संतोषनं विचारलं.

"यांना कुठं काही खवखवतंय? आणि यांनी दिले असते तर एकदम दिले असते. आठवड्याला चारशे, म्हणजे आठवड्याच्या मजुरीतून बाजूला काढलेले. दर वेळी वेगळा वाहनवाला, म्हणजे रोज दारात वाहनं थांबतात असा माणूस. गाडी घेतल्यापासून शंकरसिंगकडून मजुरी न घेणारा. आणि त्या वायरीच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे, दोरा आहे, वर मेण आहे."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. चाँद पाशा जीपला टेकला होता तो हळूहळू खाली बसला.

"व्यंकटरावसाब पावसाळ्यात घेऊन आले," तो म्हणाला. "हेड तडकलं व्हतं. नवं टाका म्हनलं, तं म्हनले वेल्डिंग मार. मारलं. चढाला गाडी तापायची. मंग म्हनले, काटा बांधून टाक, डायवर उगाच घाबरतो. मी बांधला. इकायची हाय हे मला म्हाईत नव्हतं, खुदा गवाह. पर दसऱ्याच्या आधी शंकर तीच गाडी घेऊन आला, 'पाशा, बघ बरं.' मी वळखली. त्याच वक्ताला व्यंकटरावसाबचे तिन्ही टेम्पो माझ्या दारात उभे. त्ये गेले तं गॅरेजात काय ऱ्हाईल? माझ्या तोंडातून निघालं, घे."

"या मिस्त्र्याचं ऐकून माझ्यावर येता व्हय?" व्यंकटराव उठले. "पुरावा काय?"

"मी हाय ना पुरावा," चाँद पाशा म्हणाला. "मी सोमवारी बोलतो. वेल्डिंग, काटा, समदं. तुमचे टेम्पो आत्ताच घेऊन जावा."

व्यंकटराव चप्पल ओढत निघून गेले.

रूपाबाई रडत होती. शंकरसिंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येडी. मला सांगायचं ना." मग तो पाशासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, हेच बाईंना जास्त लागलं.

"पाशा, सहा महिने आठवड्याला चारशे धाडलेस. पोटाला चिमटा घेतला असशील. अन् मला एक शब्द पायजे व्हता. ‘नको.’ त्याला तं पैसाबी लागत न्हवता."

"जीभ उचलली न्हाई रे, शंकर. रोज ठरवायचो, आज सांगतो. तू यायचास, हसायचास, चहा प्यायचास. मंग मी पैसे धाडायचो."

शंकरसिंग वळला. चहाचे पेले आले. वीस वर्षांत पहिल्यांदा तो पाशाच्या दारातून चहा न पिता गेला.

सोमवारी चाँद पाशा मंचापुढं उभा राहिला आणि स्वतःला जराही न वाचवता बोलला. व्यंकटरावांच्या वकिलानं उलटतपासणीत त्याला दोनदा खोटारडा म्हटलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "व्हय, साहेब. त्याच्यासाठीच आलो हाय." महिन्याभरानं निकाल लागला. दोष लपवून गाडी विकली, म्हणून व्यंकटरावांनी जीप परत घ्यावी, किंमत आणि खर्च द्यावा. ती रक्कम हाती येईपर्यंत हप्ते शंकरसिंगनंच भरायचे होते. रामप्रसादांनी ते त्याला तीनदा समजावून सांगितलं, टपरीवर नाही, ओसरीवर बसून.

निकालाच्या दिवशी मंचाबाहेर पायऱ्यांवर शंकरसिंगनं पाशाच्या हातात पुडकं ठेवलं. पतसंस्थेत आलेला त्याचा सगळा पैसा होता. त्यासाठी शंकरसिंगनं बैलजोडीतला एक बैल विकला होता.

"ठेव ना रे ते," पाशा काकुळतीला आला. "तेवढंच मला हलकं वाटंल."

"म्हनूनच देऊन राहिलो," शंकरसिंग म्हणाला. "कर्ज मी काढलं, मी फेडीन. तुला हलकं वाटावं म्हनून मी तुझे पैसे ठेवू?"

पाशानं पुडकं छातीशी धरलं. निर्मलाबाईंनी नजर दुसरीकडं वळवली. गुन्हेगार शोधायला त्यांना नेहमी आवडे, पण या वेळी हाती आलेला माणूस त्यांना बघवत नव्हता.

स्टँडवर बाळापूरची एस.टी. लागली. एकच झुंबड उडाली. शंकरसिंगनं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या, आत चढला आणि खिडकीशी बसला. चाँद पाशा सर्वांत शेवटी चढला. बसायला जागा नव्हती. पुढच्या दांड्याला धरून, पाठ करून तो उभा राहिला.

एका म्हाताऱ्यानं शंकरसिंगच्या शेजारच्या रुमालाकडं बोट दाखवलं. "इथं कुनी हाय का?"

शंकरसिंग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

"हाय," तो म्हणाला. मग पुढं न बघताच त्यानं रुमाल उचलला आणि मांडीवर घेतला. "पाशा, ये. बस." पाशा येऊन बसला. बाळापूर येईपर्यंत दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत.